चहाच्या रंगाचं पाणी

नाही, नाही भावजी, तो दिवा काढू नका — चांगला आहे तो, तुम्हालाही ठाऊक आहे, मग नवा कशाला आणलात? आईंना दाखवायला? — स्टूल धरते मी, पण आधी ऐका. काल दवाखान्यात आईंच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माझीच चूक, पाण्यातले जंतू मारायला मी बसवलेला यूव्ही दिवाच खराब निघाला — आणि मी काय केलं? जेवणाचा डबा धूत बसले. धुतलेलाच डबा. आज सकाळी ओट्याखाली वाकलात तेव्हा पाहिलंत ना? फिल्टर आतून रिकामा. पाहिलंत, आणि काही न बोलता कोळशाची नवी कांडी घातलीत — मी दारातच होते.

का काढली म्हणून तुम्ही नाही विचारणार, मीच सांगते. तळ्यात पालापाचोळा कुजला, पाणी चहासारखं यायला लागलं, कोळशाची कांडी सारखी तुंबायची. नळाला नुसतं थेंबथेंब पाणी — आई म्हणायच्या, आज तरी स्वयंपाक होणार का — म्हणून एक दिवस काढलीच. आणि काय धार लागली हो! 'हुशार आहे बाई आमची सून' — आई पहिल्यांदा बोलल्या तसं. मग परत घालवेना. तुम्ही बजावलं होतंत — वहिनी, रंग गेला तरच उजेड जंतूंपर्यंत पोचतो, नाहीतर पाणीच तो वाटेत गिळून टाकतं. लक्षात होतं माझ्या. विसरले असते तर बरं झालं असतं. रोज बघायचे, दिवा पेटलाय, म्हणायचे, चालू तर आहे — आणि त्याच पाण्याचा पेला आईंच्या उशाशी ठेवायचे. मी स्वतः? मी चहावर जगते. उकळलेला ना तो.

आणि आज दवाखान्यातून घरी आल्या आल्या आई तुम्हाला म्हणाल्या, माझ्या पाण्याला हात लावू नकोस. पोटच्या पोराला! आणि तुम्ही हसलात. कशाला हसलात? — माझ्यासाठी असलं काही नका करू... नाही, खोटं कशाला बोलू, करा म्हणूनच सांगायला आले होते. केलंत तसंच राहू द्या, अशी विनवणी करायला. लाज वाटते हो, पण —

आई? उठलात कशाला? भिंत धरा, भिंत — बसा इथे. भावजी, तुम्ही बाहेर जा. जा म्हटलं ना! — आई, ती कांडी मी काढली होती.