इतरांना धोका: जास्त

जबाब. दिनांक ७ ऑगस्ट २०२५, दुपारी १२.१५.

मी, अनुपमा प्रकाश धाडवे, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (परिचारिका), राहणार महाड, जि. रायगड, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी सहा वर्षे एका संस्थेच्या गृहभेट पथकात काम करते. महाड व पोलादपूरच्या वाड्यांवर जाऊन मानसिक आजाराच्या रुग्णांना घरी तपासणे, औषधे चालू आहेत का पाहणे, आणि कुणाला घरी ठेवावे व कुणाला दवाखान्यात हलवावे हे डॉक्टरांना कळवणे हे माझे काम आहे.

आज मला पोलीस ठाण्यात भरत कळंबे याची तक्रार दाखवली. दीपेश येसाजी कळंबे, वय ३१, हा कुदळ घेऊन अंगावर धावून आला, म्हणून स्वतःला वाचवण्यासाठी त्याला मारावे लागले, असे त्यात आहे. पुरावा म्हणून माझे गृहभेट पत्रक जोडले आहे. त्यात 'इतरांना धोका' या रकान्यात 'जास्त' या चौकटीत खूण आहे. खूण माझी, सही माझी, शिक्काही माझा. ती खूण खोटी आहे. हे लिहून दिल्यावर माझी नोकरी जाईल हे मला माहीत आहे. पण लिहून दिले नाही, तर दीपेश शुद्धीवर येईल तो आरोपी म्हणूनच.

दीपेश हा कापडे गावाच्या वरच्या अंगाला उंबरटेंब वाडीत आई चंद्राबाईसोबत राहतो. वडील हयात नाहीत. तो मुंबईला कुरिअरमध्ये होता. २०२१ मध्ये तळीये गावावर दरड कोसळली तेव्हा सुट्टीवर आला होता, तो दोन दिवस तिथे चिखल उपसायला गेला. पुढच्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. वाडीवरचा डोंगर उकलतोय, असे ते आवाज सांगतात. मग तो कुदळ-घमेले घेऊन वर जातो आणि भेगांत माती भरतो. जोराचा पाऊस लागला की तेलाचा पत्र्याचा डबा बडवून लोकांना घराबाहेर काढतो, वर शाळेकडे चला म्हणतो. मी त्याच्याकडे एकोणीस वेळा गेले आहे. त्याने कुणावर हात उचलल्याचे मी पाहिले नाही, वाडीतल्या कुणी तसे सांगितलेही नाही. लोक वैतागले होते, हे खरे आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा तो ओटीवरच्या खांबाला म्हशीच्या साखळीने बांधलेला होता. घोट्याची जखम चिघळली होती. मी चंद्राबाईंना बरेच सुनावले. माणसाला असे बांधणे कायद्याने गुन्हा आहे, असेही सांगितले. त्या म्हणाल्या, "बाई, मला हौस नाय. बांधलेला असला का त्याला कोन हात लावत नाय. सुटला का मारतील." मला ती सबब वाटली. प्रत्येक घरात काही ना काही सबब असतेच. पत्रकात 'स्वतःला धोका' आणि 'इतरांना धोका' असे दोनच रकाने आहेत. इतरांकडून त्याला काय धोका, असा रकाना नाही, म्हणून मी ते कुठेच लिहिले नाही. साखळी माझ्यासमोर सोडायला लावली. सोडलेल्या साखळीचा फोटो काढून आमच्या कार्यालयात पाठवला, तेव्हा माझे कौतुक झाले.

यंदा जुलैत त्याची झोप दोन तासांवर आली. गोळ्या तो थुंकू लागला. त्याला तीन-चार आठवडे दाखल करणे गरजेचे होते. पण दवाखान्यात खाटा मोजक्या असतात, आणि 'मध्यम' लिहिलेला रुग्ण महिनोन्महिने यादीत राहतो. आमच्यात सगळ्यांना हे माहीत आहे. खाट हवी तर 'जास्त'वर खूण करायची. मी याआधीही दोनदा केली होती, दोन्ही रुग्णांचे भले झाले. म्हणून २४ जुलैला मी दीपेशच्या पत्रकावर 'जास्त'ची खूण केली. माझा स्वतःचा त्या खुणेवर विश्वास असता, तर मी त्याच दिवशी ती कुदळ घरातून काढायला लावली असती. आमचा तसा नियम आहे. मी कुदळीचा विषयसुद्धा काढला नाही.

८ ऑगस्टची खाट मिळाली. त्याला न्यायला जीप हवी होती. पोलीस पाटील दत्ताराम कळंबे म्हणाले की, कागद दाखवला तर वर्गणीतून जीप करून देतो. रुग्णाचा कागद बाहेर द्यायचा नसतो, तरी मी त्याची झेरॉक्स त्यांना दिली. रविवारी, ३ ऑगस्टला, वाडीची बैठक झाली. तिथे दत्तारामांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. लोकांनी पोराबाळांना जपावे, एवढाच हेतू होता, असे ते मला नंतर म्हणाले. मला ते खरे वाटते. मंगळवारी, ५ तारखेला, पहाटेपासून पाऊस लागला होता.

त्या दिवशी माझी ठरलेली भेट होती. सकाळी पावणेअकराच्या सुमारास मी वाडीत पोहोचले. शाळेखालच्या नळाजवळ दहा-बारा माणसे उभी होती. दीपेश चिखलात पालथा पडला होता. वाडीतला रितेश त्याच्या पाठीवर बसला होता. महादूने पाय धरले होते. भरत कुदळीच्या दांड्याने मारत होता. कुदळीचे पाते दांड्यातून निघून बाजूला पडले होते. पत्र्याचा डबा चेपून गटारात गेला होता. हे तिघेही दीपेशच्या भावकीतले आहेत.

किती फटके मारले, असे मला विचारण्यात आले. मी नर्स आहे, मला फटके मोजता येत नाहीत, जखमा मोजता येतात. डावा कान निम्मा फाटून लोंबत होता. उजव्या कोपराखालचे हाड बाहेर आले होते. पुढचे चार दात पडले होते, त्यांतले दोन मी चिखलातून उचलले. डोक्याला मागे खोक होती, तिच्यात माझी दोन बोटे मावली. तो ओरडत नव्हता. "वर चला, वर चला" असे तोंडातल्या तोंडात म्हणत होता.

मी मध्ये पडले. रितेशने मला ढकलले, त्यात माझे मनगट मुरगळले आणि चष्मा फुटला. मी ओरडले, "अरे मरेल तो! आजारी आहे तो!" भरत दम खाण्यापुरता थांबला. म्हणाला, "बाई, आता कशाला मधी येता? तुमच्याच कागदावर लिवलंय ना? सही-शिक्का हाय. उद्या आमचं पोरगं मारल्यावर येनार व्हता?" आणि पुन्हा मारू लागला. मला त्याची भयंकर चीड आली होती, आणि तो माझेच वाक्य बोलत होता.

तेवढ्यात चंद्राबाई घरातून धावत आल्या. त्यांच्या हातात साखळी होती. त्या पोराच्या अंगावर आडव्या पडल्या. दांड्याचा एक फटका त्यांच्या खांद्यावर बसला. "बांधते रे, बांधते त्याला! मारू नको! ही बघ साखळी!" असे त्या म्हणत होत्या. कडी घोट्याला बसेना. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धर गो बाई, धर!"

मी साखळी धरली. त्याच घोट्याला दोन वेढे दिले. दुसरे टोक नळाच्या खांबाला बांधले, साखळीचेच कुलूप मी लावले. ते सगळ्यांनी पाहिले. भरतने दांडा टाकला. महादूने पाय सोडले. त्यानंतर त्याला कुणीही हात लावला नाही.

१०८ ची गाडी कशेडी घाटातल्या अपघातावर गेली होती, ती पन्नास मिनिटांनी आली. तोवर दीपेशचे डोके माझ्या मांडीवर होते. साखळी मी गाडी दिसल्यावरच सोडली. आधी सोडण्याची माझी छाती झाली नाही. दीपेश सध्या मुंबईच्या रुग्णालयात बेशुद्ध आहे. उद्या ८ तारीख, त्याची खाट रिकामी राहील.

दीपेशने कुणावर हल्ला केल्याचे मी पाहिले नाही. त्याला मारताना मी पाहिले. माझ्या एकोणीस भेटींवरून सांगते, त्याच्यापासून इतरांना धोका: कमी.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी 'वेडसर इसम' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'दीपेश' असे केले व प्रत्येक खाडाखोडीशेजारी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे. मनगटाला पट्टी असल्याने सह्या नेहमीसारख्या आलेल्या नाहीत, पण त्या माझ्याच आहेत.