हेडिंग ओळीत आलं पाहिजे

...नाही, मी म्हणतो, हेडिंगला स्वतःची एक ओळ मिळाली तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण नाही! आमच्या होणाऱ्या सासूबाई... म्हणजे होणार की नाही तेच तर टांगणीला लागलेलं... दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची वेबसाइट मी करून देतोय, फुकट, कारण मुलगी मागायचीय! तर म्हणाल्या, "हे 'दात किडणे' हेडिंग वर एकटंच का बसलंय? शेजारी एवढी जागा रिकामी! जाड अक्षरात 'दात किडणे', आणि तिथूनच पुढे मजकूर, त्याच ओळीत. एवढं जमवा, मग लग्नाचं बोलू."

काम साधं होतं हो! तुम्हाला सांगतो, सीएसएस म्हणून एक भाषा असते, पानावर कोण कुठे बसणार ते ठरवणारी. तिच्यात हेडिंगला सांगितलं, बाबा रे, 'इनलाइन' हो, ओळीत ये. ते तयार! पण पॅराग्राफ? तो म्हणतो, मी नव्या ओळीवरच सुरू होणार! बरं, त्यालाही केलं इनलाइन... तर पानावरचे झाडून सगळे पॅराग्राफ एकमेकांना चिकटले! किडीपासून कवळीपर्यंत एकच रामायण, श्वास घ्यायला जागा नाही! ह्याच कामासाठी 'रन-इन' असा खास शब्द नियमांत होता म्हणे. लिहून पाहिला, ब्राउझर ढिम्म!

"अहो, झालं का?" फोनवर सासूबाई. "झालंच!" म्हटलं, आणि घाईघाईत हेडिंगांना 'फ्लोट' केलं... म्हणजे तुम्ही डावीकडे सरका, मजकूर शेजारून वाहू दे. माझ्या स्क्रीनवर काय सुरेख दिसलं! दिलं चढवून. काम साधं होतं हो!

मोबाइलवर कोण बघतंय? सगळे बघतात! तिथे 'लहान मुलांचे दात' हे हेडिंग दोन ओळींचं झालं, खाली लोंबलं, 'कवळी' बिचारी आणखी खाली घसरली, तिचा मजकूर मात्र वरच्या हेडिंगला चिकटला, आणि आता वाचा: "लहान मुलांचे दात... रोज रात्री काढून पाण्यात ठेवा."

एका आईचा दवाखान्यात फोन! "डॉक्टर, मी केव्हाची वाटीत पाणी घेऊन बसलेय, पोरगं तोंडच उघडत नाही हो!"

सासूबाई मला काय बोलल्या ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. गंमत सोडा, खरंच रडू येत होतं मला. मुलगी हातची गेली असती हो! मग प्रत्येक हेडिंग आणि त्याचा पॅराग्राफ वेगळ्या डब्यात घातले, आत दोघंही इनलाइन, डबे एकाखाली एक... बसलं! काम साधंच होतं हो, आधी सुचलं नाही एवढंच.

पण ह्या सगळ्यात दातओठ खाऊन माझीच दाढ ठणकायला लागली. जाणार कुठे? त्यांच्याच खुर्चीत! मी आ वासलेला, आणि सासूबाई हातात मोबाइल घेऊन, "वा! आता कसं ओळीत आलं! लग्नाला माझी हरकत नाही. मात्र वेगळ्या घराचं खूळ नको हं. आमची वरची खोली रिकामीच आहे, इथेच राहायला यायचं. चालेल ना?"

अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस... माणूस काय बोलणार? म्हटलं, "आँऽऽ..."

तर ह्यांनी दार उघडून बाहेर बसलेल्या मुलीला ओरडून सांगितलंसुद्धा, "अगं, हो म्हणाले!"

...परवा सामान हलवतोय.