मानेमागची जागा

सन्माननीय अध्यक्ष श्री. ओब्राद स्तानिच, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या चित्रकलेच्या बाई श्रीमती पेर्सिदा वुलेतिच, ज्यांच्या डोक्यावर आमचा वर्ग इतकी वर्षं भरला ते अग्निशमन दलाचे बंधू, माझे सहाध्यायी, त्यांचे आईवडील, आणि मघापासून टायची गाठ सैल करत बसलेले माझे यजमान मिलादिन, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव बिसेर्का. आपल्या पांचेवो शहरातले बरेच लोक मला पाणीपुरवठ्याच्या खिडकीतली बाई म्हणून ओळखतात. नळाला पाणी कमी आलं की जिला बोलणी बसतात ती मीच. वर्गातर्फे बोलायला मला उभं केलंय ते माझी चित्रं चांगली म्हणून नव्हे, वयानं सगळ्यात मोठी मी म्हणून. बाकीची सगळी अठरा-एकोणीसची पोरं, आणि त्यात मी त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा चित्र काढायचा कोळसा हातात धरलेली. भाषणाच्या कागदाची मी मघापासून घडी घालतेय आणि उलगडतेय, हे पुढच्या रांगेला दिसत असेल. ते सभेच्या भीतीनं नाही. कारण सांगते, पण जरा दमानं सांगू द्या. ते बोलायलाही धीर लागतो.

बाईंकडे मी का गेले? खिडकीतून मी वर्षानुवर्षं माणसांचे चेहरे बघत आले, आणि घरी जाऊन भाजी चिरताना त्यातला एकही आठवायचा नाही. एके दिवशी मला याची भीतीच वाटली. म्हणून अग्निशमन केंद्राचा जिना चढले. बाईंनी विचारलं, "काय काय येतं?" मी म्हटलं, "काहीच नाही." "बरं झालं," बाई म्हणाल्या, "विसरायला लावण्यात माझा वेळ जाणार नाही. उद्या कोळसा, कागद आणि पाव घेऊन ये."

मी पाव आणला. छान साय-लोणी लावून आणला, आणि बाईंसाठीही एक जादा आणला. वर्गात आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की तो पाव खायला नसतो, त्याच्या मऊ गराने कोळसा पुसायचा असतो. मला कोण सांगणार? मी पुसायला गेले आणि कागदावर लोण्याचा असा डाग पडला की त्या दिवशीचं चित्र मिलादिननं घरी नुसतं हुंगून ओळखलं. बाईंनी दोन्ही पाव खाल्ले, हेही सांगायला हवं.

आता बाईंचा शनिवार. तो ज्यांनी भोगलाय त्यांना तो सांगायला नको. शनिवारी बाई सगळ्यांची चित्रं जमिनीवर मांडायच्या, खिडकीपासून दारापर्यंत एका ओळीत. सगळ्यात चांगलं खिडकीपाशी, सगळ्यात वाईट दारापाशी. म्हणायच्या, "बेलग्रेडला कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत असंच होतं. तिथं तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं. चित्र जमिनीवर पडलेलं असतं आणि परीक्षक त्याच्या भोवती बूट वाजवत फिरतात. आत्ताच रडून घ्या." खिडकीपाशी नेहमी तियानाचं चित्र असायचं. ती बघा, तिकडे लाजतेय. दारापाशी मी. त्यावर पाय पुसायचे तेवढेच काय ते बाकी होते. तरी मी जात राहिले. का? खरं सांगू, दर शनिवारी मला वाटायचं, पुढच्या शनिवारी एक तरी जागा वर सरकेन. घरी झोपेत सुद्धा ओळीच सरकत असायच्या.

मे महिन्यात बाईंनी सराव परीक्षा घेतली. मध्ये चौरंगावर प्लास्टरचं डोकं, आम्ही त्याला रोमन म्हातारा म्हणतो, आणि भोवती गोल करून आम्ही. कुणी कुठं बसायचं ते टोपीतल्या चिठ्ठीवर. बेलग्रेडलाही असंच असतं. आता या म्हाताऱ्याचं तोंड मी सगळा हिवाळा गिरवलं होतं. त्याचा फोटो शेगडीच्या वर भिंतीला चिकटवलेला. मिलादिन विचारायचा, "हा पाहुणा राहणार आहे का कायमचा?" इतका तो चेहरा मला पाठ होता. आणि चिठ्ठीत मला जागा आली ती बरोब्बर मागची. तिथून काय दिसतं? डोक्याचा मागचा भाग, मान, आणि एका कानाची कड.

बराच वेळ मी निमूटपणे मान काढली. मग मला राहवेना. एवढा पाठ केलेला चेहरा वाया घालवायचा? थोडा गाल वळवला. मग भुवई आली. मग नाक आलं, आणि आलं ते असं झकास आलं की मी थांबलेच नाही. घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

शनिवारी बाईंनी ओळ मांडली. दार आलं, माझं चित्र अजून त्यांच्या हातातच. ते त्यांनी दाराबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं.

"एवढं वाईट आहे, बाई?"

"वाईट नाही. नाक उत्तम आहे. तुझ्या जागेवरून दिसत होतं का?"

"नाही."

"मग कुणाचं काढलंस?"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बिसेर्का, यंदा बेलग्रेडच्या परीक्षेला बसू नकोस. समोर जे आहे ते काढायला तू अजून घाबरतेस. तिथं नापास झालीस तर परत कोळशाला शिवणार नाहीस, अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पुढच्या वर्षी बस." मला ते पटलंही. आणि आठवड्याच्या आतच बाईंनी वर्गात जाहीर केलं की त्या वर्ग बंद करून बहिणीकडे, समुद्राकाठी, हेर्त्सेग नोवीला राहायला जाणार.

बाई, आज तुमचा सत्कार आहे. चांगलं बोलायचं सोडून हे मी काय बोलतेय, असं अध्यक्षांना वाटत असेल. पण मला राग आला होता. पुढच्या वर्षी म्हणजे कुणाकडे? खिडकीवर लोक माझ्या सात पिढ्या उद्धारतात तेव्हाही मी तोंडातून शब्द काढत नाही. त्या दिवशी जिना उतरून आले आणि खाली उभ्या असलेल्या बंबाच्या चाकाला लाथ मारली. दलाच्या बंधूंनो, चाकाला काही झालं नाही. माझा अंगठा सुजला.

त्या सुजलेल्या अंगठ्यानिशी मी माना काढत सुटले. बसमध्ये पुढच्याची मान. चर्चमध्ये प्रार्थनेला वाकलेल्या माना. बेकरीच्या रांगेतल्या. आणि सगळ्यात जास्त माझ्या खिडकीवरच्या, कारण भांडून झालं की माणूस पाठ फिरवतोच. तोवर मी फक्त चेहरे बघायची, एक वळला की लगेच पुढचा. आता माणूस जाईपर्यंत बघते. भांडताना छाती काढून उभा असलेला माणूस वळला की त्याची मान किती थकलेली असते, हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. आता चेहरेही लक्षात राहतात. घरी तर मिलादिनची पाठ सुटली नाही.

"तुझ्याकडे पाठ करून अजून किती दिवस जेवायचं? सूप सांडतंय."

"हलू नकोस."

"लग्नाआधी म्हणायचीस, तुझे डोळे आवडतात."

"इथून डोळे दिसत नाहीत."

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बोट दाखवताहेत. बाहेर जेवणातली चीज भरलेली गिबानित्सा थंड होतेय, मलाही तिचा वास येतोय. संपवते. उद्या सकाळी बेलग्रेडला परीक्षा आहे, म्हणून ही सगळी पोरं आज लवकर घरी जाणार आहेत. बाई, उद्या त्यांच्याबरोबर मीही बसणार आहे. अर्ज भरलाय. मिलादिननंच गाडीतून नेलं. परत येताना म्हणाला, "बाईंना सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग सगळ्यांसमोर सांग. चोरून जायचं नाही." सांगितलं. मला तुमची परवानगी नको आहे, बाई. म्हणजे हवी आहे, पण नाही दिलीत तरी मी जाणार. म्हणून कागदाची ही घडी.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. बाई विचारताहेत, "पुन्हा मागची जागा आली तर?" बसेन, बाई. "आणि नाक?" नाही काढणार. बाई म्हणताहेत, "बोलायला सोपं आहे."

बाई, उठू नका... अध्यक्ष महोदय, त्यांच्या हातातला गुच्छ जरा घ्या. खुर्ची कशाला फिरवताय, बाई?

सभाजनहो, सत्कारमूर्ती आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. केस वर घेऊन बांधताहेत. म्हणताहेत, "मी हलणार नाही. जेवण थांबू दे."

वर्षभर या बाईंसमोर बसले, पण त्यांची मान मी आज पहिल्यांदा बघतेय. केवढीशी आहे.

वर्गातर्फे बाईंचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. रागाच्या भरात काही अधिकउणं बोलले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला. यापुढे मला बोलता येणार नाही. तियाना, तुझा कागद आणि कोळसा दे. मिलादिन, ऊठ. तुझी खुर्ची बरोबर मानेमागे आहे.