अंगणात ठाण

चंद्रपूरच्या बसस्टँडवर कमळाबाईंच्या पाठीमागे कबड्डीची मॅच हरलेल्या दोन पोरी बसल्या होत्या, अन् बाईंच्याच लेकीला, कॉलेजच्या क्रीडा संचालक मॅडमला, नावं ठेवत होत्या.

“अमरीन, उद्यापासून मी खेळत नाई. कॉलेजले मैदान नाई, तं कापलेल्या धानाच्या बांधीत पळवते थे मॅडम! धसकटं टोचतेत ना!”

“सोडून तं पाह्य, मंजुषा. अब्बानं माह्यं खेळणं बंद केलं, तं मॅडम आमच्या अंगणात ठाण मांडून बसली. अब्बा हो म्हणले तवाच उठली.”

“एवढी हट्टी कोणावर गेली असन?”

“माह्यावर,” कमळाबाई मान ताठ करून वळल्या.

“अवो आजी! मॅडमले सांगू नका ना!”

“नाई सांगत. पण उद्या बांधीत दिसली नाई, तं तुह्या अंगणात मी येऊन बसन.”