पुण्याच्या बागेतली सुनीता

आमची सुनीता काय चीज आहे, ते तुमाले माईतच नाई. ऐका.

यंदा मार्चमधी आमी अकोल्याच्या तिघी वर्गमैत्रिणी, मी, सुनीता अन् मंदा, पुण्याले फिराले गेलो. एका बागेत फुललेल्या पांगाऱ्याखाली बसलो होतो. बाजूच्या बाकावरचे आजोबा द्राक्षं खाता खाता एकदम थांबले. आवाज निघेना, चेहरा निळा पडला. त्यायच्या सोबतच्या आजी नुसत्या “पाणी, पाणी” ओरडत होत्या.

सुनीता चपला टाकून धावली. तिनं आजोबाले पुढं वाकवलं अन् पाठीवर दणादण थापा मारल्या.

“अहो, मारताय काय त्यांना?” आजी किंचाळल्या.

“हो, मारून राहिली! तुमी बाजूले व्हा.”

पाचव्या थापेले अख्खं द्राक्ष बाहेर पडलं. आजोबा खोकलले अन् त्यायनं श्वास घेतला.

आजींनी रडत तिचे हात धरले. “कुठल्या डॉक्टर तुम्ही?”

“डॉक्टर नाई जी, नर्स आहो. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात.”

तोवर गर्दी जमली होती. कोणीतरी विचारलं, “या नर्सबाईंसोबत कोण आहे?”

मी अन् मंदा एकदमच ओरडलो, “आमी! आमी आहो तिच्या मैत्रिणी!”

एवढ्या जोरात तर आमी शाळेत हजेरीलेही ओरडलो नव्हतो.