ऊन दाखवलेली करडई

आमच्या शेजारच्या सुधाकरचा तो रविवार आठवला की मलाच दमल्यासारखं होतं बघा.

तो धारूरकडच्या एका तेल गिरणीत करडई तपासायचा. बियांवर उजेड टाकून तेल किती, ओल किती, हे सांगणारं मशीन होतं तिथं. मालकानं नवं मशीन आणलं आणि जुन्याला शिकवलेलं सगळं त्यात भरलं. तरी जुनं ज्या करडईला कोरडी म्हणायचं, तिलाच नवं ओली म्हणायचं. माल आणणारे सुधाकरच्या अंगावर यायचे.

मग त्यानं कोरडी, ओली, तेलकट अशी वेगवेगळी करडई बाटल्यांत घट्ट बंद करून जुन्या मशीनला दाखवून घेतली आणि त्याचे आकडे बाटल्यांवर लिहिले. लगेच जुनं ट्रकात चढलं, मालकाच्या दुसऱ्या गिरणीला गेलं. सोमवारी त्याच बाटल्या नव्याला दाखवल्या की फरक कळणार आणि नवं ताळ्यावर येणार. गिरणीत उंदीर लई, म्हणून बाटल्या घरी आणल्या.

रविवारी गच्चीवर त्याचा आवाज चढला. मी जिन्यातून डोकावलेच, राहवतं थोडंच!

"आई, ही करडई लुगड्यावर कावून पसरली?"

"बाटल्या उघडल्या तं कुबट वास येत हुता रे. जरा ऊन दाखवलं."

"सगळी एकत्र?"

"मंग? करडईच हाय की सगळी!"

सुधाकर रिकाम्या बाटल्यांवरचे आकडे बघू लागला.

"तोंड कावून पाडतो? समद्या बाटल्या सारख्या भरून देते. आता तुझं मशीन भांडायचंच न्हाई."

"न्हाई भांडणार, आई," तो म्हणाला. "आता मालकच भांडंल."