जरा ताकद वाढवा!

नाही, मले एक सांगा, चांगली चालून राहिलेली वस्तू मानसाले कावून पाहवत नाही? कावून म्हनते, "जरा ताकद वाढवा"? तुमाले सांगतो, आमच्या पुंडलिकरावचा घात त्या 'जरा'नं केला!

त्र्यान्नव सालची गोष्ट. पुंडलिकराव भिलाईले हुडको कॉलनीत राहत, अन् एका खासगी कारखान्यात गिअरबॉक्स बसवत. सव्वीस वर्षं! चालत्या मशीनले कान लावला का सांगत, "तिसऱ्या गिअरचा दात गेला." उघडून पाहा, गेलेलाच! त्यायचे मालक नरहरीबाबू जपानले गेले मशीन घ्याले, अन् आनलं काय? बंदूक! बॅटरीवर चालनारी, दिसाले अस्सल रायफल, अन् सुटे काय त वाटान्याएवढी प्लास्टिकची गोळी. पन्नाशीचा मानूस गच्चीवर उभा राहून डालड्याचे डबे पाडून राहिला! महिनाभरात बंदूक नुसती घुर्रर्र करे, गोळी काही निघेना. मंग काय… बोलवा पुंडलिकरावले!

त्यायनं घरी नेली, खोलली. आत साबनाच्या वडीएवढा गिअरबॉक्स. झाकन उचललं मात्र, आतली स्प्रिंग सन्नन् उडाली, कानाजवळून गेली अन् भिंतीवरच्या कॅलेंडरले भोक पाडून खाली पडली. बायको रंभा ओरडली, "अवो, डोळा गेला असता ना!" पुंडलिकरावनं स्प्रिंग उचलली. मंग म्हने, "चूक माझी. स्प्रिंग कोनाचं ऐकते का?"

आत तीन गिअर. मोटर त्यायले फिरवे, शेवटचा गिअर पिस्टनचे दात धरून त्याले मागं ओढे, मागची स्प्रिंग दाबल्या जाये, दात सुटले का पिस्टन समोर आदळे, अन् हवेच्या धक्क्यानं गोळी बाहेर! पिस्टन प्लास्टिकचा, दात झडलेले. पुंडलिकराव खूश. "जपान्यानं डोकं लावलं पाहा. तुटाचंच हाये त पिस्टन तुटाव, गिअर वाचाव." त्यायनं नायलॉनचा पिस्टन घासून बनवला, गिअरखाली कागदाएवढ्या पातळ चकत्या, म्हंजे वायसर, टाकून ढिलाई काढली, ग्रीस लावलं, ते बी बोटाच्या टोकाएवढं… थापलं नाही. बंदूक अशी चालाले लागली का बस! आता इथं थांबाचं होतं का नाही? पन मालक म्हने,

"वा, पुंडलिकराव, वा! आता जरा ताकद वाढवा. पिस्टनला स्टीलचे दात लावा, स्प्रिंग कडक टाका."

"साहेब, खेळनं हाये ते…"

"का? तुम्हाला जमत नाही?"

घ्या! सव्वीस वर्षांच्या मानसाले इचारते, जमत नाही का! तिथंच पुंडलिकरावची मती फिरली. लावले स्टीलचे दात. टाकली दुप्पट जाड स्प्रिंग. अन् आवाज बदलला. पयले टक टक करे, आता खट्ट! दाराची कडी पडल्यावानी. तो आवाज त्यायनं ओळखला, पन हात काही थांबले नाही. स्प्रिंग कोनाचं ऐकते का?

गच्चीवर नरहरीबाबूनं घोडा ओढला. खट्ट! डबा हाललाच नाही. "हुकली!" पुंडलिकरावनं जाऊन डबा उचलला. हुकली कुठची? पत्र्याले भोक, अन् गोळी आत खुळखुळून राहिली. अन् डब्याच्या मागं, सरळ रेषेत, मालकाची सून तारा पापड टाकून राहिली होती, सात महिन्यांची पोटुशी. हसून म्हने, "लागली का, काका?"

पुंडलिकरावनं डब्याच्या भोकावर अंगठा ठेवला.

मालक म्हने, "रविवारी पाहुणे आहेत तीस. प्रत्येकाला एकेक गोळी मारू देतो!"

तीस मानसं! लेकरं धरून! पुंडलिकराव म्हने, "साहेब, ग्रीस राहिलं," अन् बंदूक काखेत मारून घरी. नायलॉनचा पिस्टन परत, जुनी स्प्रिंग परत, अन् तिचे बी दोन वेढे कापले. रविवारी सगळ्यायसमोर मालकानं नेम धरला, अन्… फुस्स! गोळी त्यायच्याच चपलेवर पडली. पाहुने हसून हसून लोळले.

"सव्वीस वर्षं केलं काय तुम्ही?"

"जमलं नाही, साहेब."

घरी रंभा भांडली, "खरं कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं, त दुसऱ्याकडून करून घेतली असती त्यायनं."

बोला आता! त्या दिवसापासून कारखान्यात एकच गोष्ट, पुंडलिकरावले खेळनं बी नाही जमत. महिनाभरानं क्रेनचा गिअरबॉक्स बिघडला, मालकानं मिस्त्री आनला दुर्गहून. अन् पुंडलिकरावच्या हातात देल्ला टॉर्च! मिस्त्रीनं मधला गिअर उलटा बसवला. पुंडलिकराव म्हने, "साहेब, तो गिअर…"

"तुम्ही टॉर्च धरा फक्त!"

धरला. झाकन लागलं. क्रेननं लोखंड उचललं, वर… अजून वर… अन् पुंडलिकरावनं गिअरचे दात तुटाचा आवाज ऐकला. खाली सात मानसं काम करून राहिली होती. "चाला रे, चहा सांगतला हाये!" सातही जन त्यायच्या मागं बाहेर. चहा कुठचा सांगतला! टपरी बंद होती!

टपरीपाशी पोचतच होते का मागं धडाम! लोखंड खाली, लाइट गुल, शेडभर धूळ. मालक अन् मिस्त्री पार कोपऱ्यात स्विचपाशी होते, म्हनून वाचले. अन् धुळीतून मालकाचा आवाज आला,

"पुंडलिकराव! टॉर्च कुठं घेऊन गेलात तुम्ही?"